ग्रिलवरची माळ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. बोलायला गेले की माझा आवाज घशातच राहतो, म्हणून लिहून ठेवते.

विचुंबे गावात आमच्या जागेवर बिल्डिंग झाली आणि आम्ही पहिल्या मजल्यावर राहायला आलो. धाकट्या दिरांचा रेती-सिमेंट पुरवायचा धंदा. त्या दिवाळीत त्यांनी लाल-हिरव्या लाईटची लांब माळ आणली आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी ग्रिलला बांधली. दोरीने नाही, साइटवर सळ्या बांधतात त्या बारीक तारेने. ती घरात ढीगभर पडलेली असायची. पक्कडीने पीळ देऊन त्यांनी एकेक गाठ आवळली. "आता वादल आलं तरी हलनार नाय," म्हणाले.

त्याच ग्रिलमध्ये सासूबाईंची तुळस. आमच्यात दिवाळीचा दिवा कोणी विझवत नाही. सासूबाईंनी तोच नियम माळेला लावला. तुळशीचं लग्न लागेपर्यंत बटण बंद करायचं नाही. माळ रात्रंदिवस चालू. दुपारच्या उन्हात ती पेटलेली कळायचीही नाही, जवळ गेलं तर बारीक गुणगुण तेवढी ऐकू यायची.

भाऊबीज झाली आणि सासूबाई म्हणाल्या, "तुलशीला पानी घालताना हाताला मुंग्या येतान गो."

"वात हाय तुला," दीर म्हणाले. मी सासूबाईंच्या मनगटाला तेल चोळू लागले.

मग एका सकाळी ओला टॉवेल ग्रिलवर टाकताना माझाच हात कोपरापर्यंत झिणझिणला. माझ्या पायात चप्पल होती. सासूबाई तिथे अनवाणी उभ्या राहायच्या.

नवरा ट्रेलर घेऊन बाहेरगावी होता. जेवताना कसंबसं दिरांना म्हटलं, "भावजी, ग्रिलला करंट येतोय वाटतं."

"चौथी पास वहिनी वायरमन झाली! अवो, करंट असता तर आई आतापर्यंत फोटोत गेली असती."

सगळे हसले. सासूबाईही हसल्या. मी ताटं उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी गुपचूप बटण बंद केलं. सासूबाईंनी पाहिलं. "घरातला दिवा मालवतेस? कोनाचं वाईट चिंततेस गो?" आणि स्वतः परत चालू केलं. त्यानंतर मी बटणाला हात लावला नाही.

तुळशीच्या लग्नाचा दिवस जवळ येत होता. त्या दिवशी सासूबाई सकाळी डोक्यावरून आंघोळ करून ओलेत्यानेच तुळशीला न्हाऊ घालायच्या. माझ्या डोळ्यांसमोर सारखं तेच यायचं: अंगाला चिकटलेलं ओलं लुगडं, पितळेचा तांब्या, खाली पाणी आणि एक हात ग्रिलवर टेकलेला. भाकरी थापताना माझे हात थांबायचे.

त्या सकाळी न्हाणीचं दार उघडल्याचा आवाज आला. तांब्या भरून ठेवलेला होता. मी धावत गेले आणि मेन स्विच खाली ओढला. सगळं बंद पडलं. ग्रिलवरची गुणगुणही थांबली.

"लगनाच्या दिवशी अंधार केलास!" सासूबाई ओरडल्या. लुगड्यातून पाणी गळत होतं.

"आई, वायरमन बघून जाईपर्यंत मी स्विच वर करणार नाही. मला मारा हवं तर." माझा एवढा मोठा आवाज मी स्वतःही कधी ऐकला नव्हता. मी स्विचला पाठ लावून उभी राहिले.

शेवटी वायरमनला बोलवावंच लागलं. सगळ्यांना लांब उभं करून त्याने स्विच वर केला आणि ग्रिलला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला. लाईट पुन्हा बंद करून त्याने गाठी सोडल्या. एका गाठीखाली बांधायची तार माळेच्या वायरचं प्लॅस्टिक कापून आतल्या तांब्याच्या तारेला टेकली होती. सासूबाई खाली बसल्या आणि आपला उजवा हात उलटासुलटा करून बघत राहिल्या.

घरात करंट उतरला की आपोआप पडणारा स्विच बसवून घ्या, असं वायरमन म्हणाला. दीर म्हणाले, "माल काढली ना? पेमेंट आलं की बघू."

मला राहवेना. शेजारच्या नोकरीवाल्या बाईंकडे मी जन्मात पहिल्यांदा उसने पैसे मागितले आणि तो स्विच बसवून घेतला. मग तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेऊ लागले. पिठाची उकड सासूबाई काढून द्यायच्या, न सांगता. पैसे थोडे थोडे फिटत गेले. होळीच्या आधी राहिलेले नेऊन दिले. बाई न मोजताच ठेवायला निघाल्या, पण मी दारातच उभी राहिले आणि मोजायला लावले. सगळे फिटले.