सणाविना बदललेले दोर

आमच्या नावेला दोन दोर होते आणि ते वर्षातून एकदाच, भाद्रपदी पोळ्याला, बदलले जात. पोळ्याला बैलांच्या वेसणी, म्होरक्या, कासरे नवे होतात. त्याच दिवशी नावेचेही दोर नवे व्हावेत, असे वडिलांनी ठरवून टाकले होते. वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. त्या वर्षी आषाढात आप्पा वारले. अंगणात बसल्या जागी छातीत कळ आली आणि शिरूरहून डॉक्टर येईपर्यंत सगळे संपले होते. रीतीप्रमाणे वर्षभर घरात सण नव्हता. पोळा नव्हता, म्हणून दोरही नव्हते.

हे सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतले. मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो आणि रजा घेऊन गावी राहिलो होतो. गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीवरच्या धरणाच्या काठी. धरण भरले तेव्हा घर अलीकडे राहिले आणि चांगली काळी जमीन पलीकडे गेली. बैलजोडी आणि एक गडी तिकडच्याच गोठ्यात असत. रस्त्याने वळसा घालून जायचे तर अर्धा दिवस मोडे. धरणाच्या कामावर कोकणातला एक खलाशी होता. त्याच्याकडून आप्पा शीड वापरायला शिकले आणि गावच्या सुताराकडून त्यांनी सपाट बुडाची नाव करून घेतली. शीड मांजरपाटाचे, आईने हाताने शिवलेले.

शिडाची वरची कड एका बांबूला बांधलेली असे. तो बांबू वर चढवायचा दोर डोलकाठीच्या टोकाला असलेल्या कप्पीतून खाली येई आणि बुडाशी एका खुंट्याला बांधला जाई. त्याला आप्पा नाडा म्हणत; विहिरीवरच्या मोटेच्या दोराचे ते नाव. दुसरा दोर शिडाच्या खालच्या कोपऱ्याचा. तो नाव हाकणाऱ्याच्या हातात राही आणि वारा जास्त झाला की सैल सोडायचा. तो कासरा. खलाशाने या दोरांची काही वेगळी नावे सांगितली असतील. ती आमच्याकडे कुणाला माहीत नव्हती.

शीड चढलेले असताना नाडा कप्पीत नेहमी त्याच जागी बसतो. तिथे तो झिजतो. श्रावणाच्या शेवटी त्या जागेचा एक पेड पूर्ण तुटला होता आणि दुसऱ्याचे तंतू उभे राहिले होते. आई त्याच दोरावर रोज पलीकडे जात होती. जाताना शीड, येताना बहुतेक वल्हे. आप्पांच्या जागी बसून ती नाव हाकते हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती केव्हा शिकली, असे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. त्या दिवसांत घरात कामापुरते बोलणे होई. मला काय वाटत होते ते आज आठवत नाही. पाहिलेले आठवते.

गावात अंबाडीचे दोर वळणारे एक म्हातारे गृहस्थ होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते दर वर्षी दोरांचा भारा आणून ओट्यावर ठेवत आणि सुगीत धान्य नेत. त्या वर्षी ते रिकाम्या हाताने आले आणि ओट्याच्या खाली उभे राहिले.

"आक्का, औंदा तुमच्या दारात दोर ठिवता येत न्हाई."

"बैलांचं म्हणत न्हाई मी, दादा," आई म्हणाली. "नावंचं द्या."

"नावंचं बी पोळ्याचंच की. आप्पांनीच तसं लावून दिलंय. मी कसं मोडू?"

"मंग त्यांनाच इचारून या."

म्हातारा हसला. हसल्याचे लक्षात आल्यावर थांबला. "पुढल्या साली दोन जोड देतो," म्हणाला आणि चहा घेऊन गेला. त्याच्या बोलण्यात आडमुठेपणा नव्हता. दुखवट्यातल्या घराला सणाचा दोर दिला तर गावाने त्यालाच नावे ठेवली असती.

चार दिवसांनी काका आले. आप्पांचे धाकटे भाऊ, दौंडला रेल्वेत पॉइंट्समन. त्यांनी नावेपाशी जाऊन नाडा बोटांत धरून पाहिला.

"ह्याच्यावर पाण्यात जाता तुम्ही, वैनी? ह्याला तर वासरू बी मानायचं न्हाई."

"मंग जाऊ कशी, भावजी? उडत?"

काकांना विषय मिळाला. पलीकडच्या गावातला एक शेतकरी आमची जमीन अर्धेलीने करायला तयार होता. निम्मे पीक त्याचे, निम्मे आमचे. पंधरवड्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी त्याला होकार द्यायचा होता. तोवर पेरणी थांबवा, असे काकांचे म्हणणे. त्यांचा त्यात स्वार्थ नव्हता. भावाच्या मागे वहिनी एकटी पाण्यावरून ये-जा करते, ही गोष्ट त्यांना दौंडच्या यार्डात सिग्नलखाली उभे असताना आठवत राही आणि झोप येत नसे. हे त्यांनीच सांगितले.

आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "आधी नाव चालती करा. मंग बघू."

ज्वारीची पेरणी तोंडावर होती. एक हंगाम दुसऱ्याची पेरणीची पाभर त्या रानात फिरली की तो कूळ म्हणून सातबाऱ्यावर नाव लावायला जाणार नाही याची खात्री कुणी देत नसे. तालुक्यात तशा तक्रारी घरोघर होत्या. या हंगामाची पेरणी आईच्या हातून झाली नाही, तर रान पुन्हा तिच्या हाती यायचे नव्हते. हे आम्हा तिघांनाही माहीत होते. नाव चालू झाली तर वैनी जमीन देणार नाहीत, हे काकांनाही कळत होते. तरी पुढच्या सुट्टीला ते दौंडच्या बाजारातून नायलॉनचा दोर घेऊन आले. निळा, बोटाएवढा जाड.

"ट्रकवाले वापरत्यात," ते म्हणाले. "ह्याला हत्ती बांधा."

दोर बदलायची पद्धत आप्पांचीच वापरली. जुना नाडा ओढून काढला तर नवा ओवायला डोलकाठी खाली घ्यावी लागते. म्हणून जुन्याच्या टोकाला नव्याचे टोक भिडवायचे, दाभणाने सुतळी भरून जोड शिवायचा आणि खालून जुना ओढत राहायचे. जुना खाली येतो, त्याच्या मागोमाग नवा कप्पीतून जातो. जोड मी शिवला. काकांनी ओढले. नायलॉन अंबाडीपेक्षा बारीक असल्याने कुठे अडकला नाही. उरलेल्या तुकड्याचा कासरा केला. जुना दोर वाळूवर वेटोळे होऊन पडला. काका तो पाण्यात टाकायला निघाले, कारण पोळ्याचे उतरवलेले जुने दोर नदीलाच द्यायचे असतात.

"राहू द्या," आई म्हणाली. "पोळा कुठं झालाय?"

मग ती घरात जाऊन वाटीत एरंडेल घेऊन आली. नव्या दोराला तेल लावायचे, हे आमच्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. अंबाडी कोरडी आणि टणक असते. तेलाने ती मऊ पडते, पाणी धरत नाही, हाताला कापत नाही. नायलॉनला तेल कशाला, असा प्रश्न आईला पडला नाही, काकांना नाही, मलाही नाही. काकांनी दोन्ही दोर हाताने चोळून काढले. दोराने तेल प्यायले नाही. ते वरच राहिले आणि दोर उन्हात चमकू लागला.

"बघा, नवरदेवावानी दिसतोय," काका म्हणाले आणि लगेच हात धोतराला पुसत दुसरीकडे पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेचा वारा चांगला होता. काकांना अर्धेलीवाल्यासाठी बांध पाहून घ्यायचे होते, म्हणून ते आले. आईने बियाण्याचे पोते नावेत ठेवले. पेरणी कुणीही करो, बी तिकडेच लागणार होते. शीड मी चढवले आणि नाडा खुंट्याला बांधला. दोन वेढे आणि वर एक अढी, म्हणजे उलटा फास, ही आप्पांची बांधणी. अंबाडीला ती पुरत असे. अंबाडी स्वतःलाच धरून बसते.

पाण्याच्या मध्यावर वाऱ्याचा जोर वाढला. खुंट्यावरची अढी आवाज न करता उलगडली, मग एक वेढा, मग दुसरा. मी हात घातला तेव्हा तेलकट दोर तळव्यातून निघून गेला. बांबू खाली आला. शीड एका बाजूने पाण्यात पडले, त्यात पाणी भरले आणि नाव त्या अंगाला कलली. कडेवरून पाणी आत आले. आईने हातातला कासरा सोडून दिला आणि वल्हे घट्ट धरले. काका दुसऱ्या अंगाला जाऊन पडले, त्यामुळे नाव सावरली.

"कुणी सोडला? दोर कुणी सोडला?" काका ओरडत होते.

"कुणी न्हाई. आपणच सुटला," मी म्हणालो.

"आप्पा असता तर—"

"आप्पा असते तर अंबाडी असती." आई अंगठ्याने बोटे चोळत होती. बोटांवर तेल होते. "बसा, भावजी. पाणी उपसा."

शीड आत ओढून मी वल्ही घेतली. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत काका पाणी उपसत होते. पोते तळाशी होते आणि निम्म्याहून जास्त भिजले होते. आईने काठावर त्याचे तोंड सोडले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर दाणे बाहेर काढून पाहिले. ते बी आप्पांनी मागच्या सुगीत एक एक कणीस निवडून, कडुनिंबाच्या पाल्यात घालून ठेवलेले होते.

"आजच पेरावं लागंल," ती म्हणाली.

"आज? आन् त्या माणसाला बाजारच्या दिशी शब्द द्यायचाय, त्याचं काय?"

"द्या की. बी तवर थांबतंय का बघा."

"दुसरं बी आणू, वैनी."

"आन् हे? पाण्यात टाकू?"

काकांनी मूठ हातात घेतली, दाणे चोळले आणि परत पोत्यात टाकले. भिजलेली ज्वारी दोन दिवसांत मोडावते किंवा कुजते. पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी असलेल्या घरातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

ओले दाणे पाभरीच्या नळ्यांत अडकतात. म्हणून शीड पिळून खडकावर पसरले, वारा होताच, ते अर्ध्या तासात सुकले. त्यावर बी पातळ पसरून आई हाताने वरखाली करत राहिली. ऊन वर येईपर्यंत दाणे सुटे झाले. गड्याने पाभर जुंपली. बैलांच्या अंगावर रंग नव्हता, शिंगांना बेगड नव्हती, कासरे गेल्या वर्षीचे होते. आई ओटीत बी घेऊन पाभरीमागे चालू लागली आणि चाड्यात मुठीने दाणे सोडू लागली. दोन तासांनी गडी बाजूला झाला आणि बैलांमागे काका दिसले. धोतर वर खोचलेले, रेल्वेचे बूट बांधावर काढून ठेवलेले.

संध्याकाळी रान पुरे झाले. काका पाय धुताना म्हणाले, "त्या माणसाला काय सांगू?"

"सांगा, पेरून झालं."

परतताना वल्हीच होती. घरी आल्यावर आईने दोन्ही निळे दोर सोडून राख आणि सोड्याने दगडावर घासले, कपडे घासावेत तसे. सुकल्यावर डोलकाठी खाली घेऊन मी ते पुन्हा ओवले. या वेळी खुंट्याला चार वेढे आणि दोन अढ्या घातल्या. आठवड्याने मी पुण्याला कामावर गेलो. तो नाडा पुढे कितीतरी वर्षे टिकला. नावेचे दोर पोळ्याला बदलायचे आमच्याकडे त्यानंतर बंद झाले.

माघात ज्वारी काढली, तेव्हा मी दोन दिवस होतो. आईने कोपऱ्यातून आप्पांचा जुना नाडा आणला आणि विळ्याने त्याचे हातभर तुकडे केले. कडब्याच्या पेंढ्या त्यांनी बांधून आम्ही नावेतून घरी आणल्या. पेंढ्या रचल्यावर आईने तुकडे सोडून गोळा केले. मला वाटले, पुढच्या खेपेसाठी ठेवील. तिने ते चुलीपुढे टाकले आणि भाकरी करताना एकेक करून आत सारले. वर्षभराचे एरंडेल मुरलेले असल्याने ते चांगले जळले.