सरदारभाईचा रुमाल

"मला कोण फसवतंय ते बघतोच," असं सृष्टीला घरातून निघतानाच सुनावलं व्हतं. माझी सारी हयात बैल घेण्या-विकण्यात गेली. शिंगं घासून, तेल चोळून लोकांनी म्हातारे बैल जवान म्हणून खपवायला बघितले, पण ह्या आप्पासाहेबाच्या गळ्यात कुणाला बांधता आले न्हाईत. मग जुनी मोटार ती काय लागून गेली?

सृष्टी माझी लेक. नायगावच्या दवाखान्यात नर्स हाय. अर्धापूरहून नांदेड, नांदेडहून नायगाव, रोज एस्टी बदलत जाती. रातपाळी असली की तिची आई ती परत येईपत्तर उंबऱ्यात बसून ऱ्हाती. पोरीनं पगारातून पैसे साठवले आन् म्हणली, "आप्पा, गाडी घ्यायची, तुम्ही संगं चला." म्हणून आम्ही नांदेडला जुन्या गाड्यांच्या एका शोरूमात गेलो.

आत पाय टाकतो तर समोर सरदारभाई!

आता हा सरदारभाई कोण, ते सांगतो. लोह्याच्या बैलबाजारातला दलाल. बाप दलाल, आजा बी दलाल. कुणाचा सौदा अडला की हा मधी बसायचा, खांद्यावरचा चौकडीचा रुमाल दोघांच्या हातावर टाकायचा आन् रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा. बाजूला उभ्या माणसाला पत्ता लागायचा न्हाई. तोंडानं हा गडी थापा मारण्यात एक नंबर. "आप्पा, बैल न्हाई, नवरदेव हाय!" असं बोंबलायचा आन् खाली माझ्या तळहातात अंगठा रुतवायचा. अंगठा रुतला म्हणजे जनावरात खोड हाय, घेऊ नको. तोंडानं खोटं बोललं तर बाजार हसून सोडून द्यायचा. हातानं खोटं बोलला त्याच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घालायचं न्हाई. सरदारभाईच्या रुमालाखाली हात घालायला लोक रांग लावायचे.

मग ट्रॅक्टर आले, बैल गेले, बाजार ओस पडला. सरदारभाई कुठं गेला ते कळलंच न्हाई. आन् आता हा इथं, अंगात शोरूमचा निळा टी-शर्ट, छातीवर नावाचा बिल्ला. रुमाल मात्र तोच, खांद्यावर.

"क्या आप्पा! तुम्ही इथं?" म्हणून त्यानं मिठी मारली. लई आनंद झाला बघा मला. पण मिठी सोडता सोडता त्यानं काचेच्या केबिनीकडं बघितलं. तिथनं मालक, उमाशंकर म्हणून चाळिशीचा माणूस, उठून बाहेर आला.

"पाव्हणे ओळखीचे दिसतात, चाचा. आज तरी करा एक सौदा. न्हाईतर उद्यापासून घरीच बसा आरामात."

हसत हसतच बोलला, पण सरदारभाईचं तोंड एवढंसं झालं. साठीच्या पुढच्या माणसाला दुसरीकडं कोण ठेवून घेतंय? त्यात घरी त्याची बायको, कमरुन्निसाभाभी, बैलबाजाराच्या येळेपासनं शुगरनं बेजार. मलाच कसंतरी झालं. मनात म्हणलं, घेऊच गाडी, गड्याची नोकरी बी वाचती.

त्यानं एक पांढरी गाडी दाखवली. सृष्टी आत बसली, स्टिअरिंग धरलं आन् तिचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "आप्पा, हीच!" भाव काचेवरच लिहून चिकटवलेला. मी म्हणलं, "चिठ्ठीवरच्या भावानं मी आजवर काय बी घेतलं न्हाई. सरदारभाई, टाक रुमाल."

उमाशंकरला गंमत वाटली. "होऊन जाऊ द्या!" म्हणून तो कमरेवर हात ठेवून तिथंच उभा राहिला.

रुमाल पडला. मी बोटं धरली, भाव मागितला. सरदारभाई खदाखदा हसून म्हणला, "आप्पा, गाडी न्हाई, हरिण हाय हरिण!" आन् खाली अंगठा रुतवला. मला वाटलं, चुकून लागला. मी पुन्हा बोटं धरली. त्यानं पुन्हा रुतवला, असा की नख लागलं.

आता काय करू? घेतली तर पोरगी रातच्याला त्या गाडीत. न्हाई घेतली तर ह्याची भाकर जाती. बोलावं तर मालक हातभरावर उभा. वर तोंड हसून राहिलं, खाली हात ओरडून राहिला, आन् मी मधी अडकलेलो. सरदारभाईच्या कपाळावर घाम आलता.

"किती ठरलं?" उमाशंकरनं विचारलं.

"न्हाई जमत," मी म्हणलं.

सृष्टी खवळली. "आप्पा, भाव तरी सांगा ना!"

"पांढरा रंग हाय, धुळीनं मळतो. चल म्हणलं ना!" मी तिच्यावरच वरडलो. दुसरं काय सुचणार, डोंबल? उमाशंकर सरदारभाईकडं बघून म्हणला, "चाचा, तुमचं बघा बाबा आता," आन् केबिनीत निघाला.

आम्ही दारापत्तर आलो तेवढ्यात एक जवान जोडपं आत आलं. बाईच्या कडेवर लेकरू, टोपडं घातलेलं. उमाशंकर केबिनीतूनच वरडला, "चाचा, तीच पांढरी दाखवा यांना! आन् ते रुमालाचं बी करा, मज्जा येती!"

मी सृष्टीला बाजूला घेऊन अंगठ्याचं सांगितलं. तिचा राग उतरला. मग म्हणली, "ह्यांना कोण सांगणार?"

"आपण सांगितलं तर सरदारभाईची नोकरी गेली म्हणून समज."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

आम्ही बाप-लेक दारातच उभे. पाय ना आत जाई, ना बाहेर.

तिकडं सरदारभाईनं रुमाल टाकला. जोडप्यातल्या पोरानं हौसेनं हात दिला, बायको मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागली. सरदारभाई म्हणला, "दादा, गाडी न्हाई, हरिण हाय." रुमाल हलला. मला कळलं, अंगठा रुतवला.

"अहो चाचा, गुदगुल्या होतात!" पोरगं खिदळलं. बायको हसली, केबिनीतला मालक बी हसला.

सरदारभाईनं पुन्हा रुतवला. दंडाच्या शिरा तटतटल्या त्याच्या.

"भारी आहे हे! बरं चाचा, फायनल किती ते सांगा."

सरदारभाईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या अख्ख्या शोरूमात तो अंगठा कळणारा मी एकटाच.

त्यानं रुमाल ओढून घेतला, तोंड पुसलं आन् मोठ्यानं म्हणला, "दादा, ही गाडी घेऊ नका. अपघातातली हाय. सांगाडा वाकलाय, वेल्डिंग मारून वरून रंग दिलाय. लेकरू हाय तुमचं."

पोराचं हसणं जागीच थांबलं. उमाशंकर केबिनीतून धावत आला. सरदारभाईनं त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. छातीवरचा बिल्ला काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"आप्पा, थांबा. मी बी येतो तुमच्यासंगं."

ऑटोत आम्ही तिघं दाटीनं बसलो. सरदारभाईनं रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"चाचा, आधी आमच्या घरी चला जेवायला," सृष्टी म्हणली.

त्याचं ध्यान नव्हतं. अंगातल्या निळ्या टी-शर्टाकडं बघून तो म्हणला, "आप्पा, कमरुन्निसाला काय सांगू?"

मी त्याचा हात हातात घेतला आन् अर्धापूर येईपत्तर सोडला न्हाई.