काकूंनी न खुडलेला आर्टिचोक

पाचगणीजवळ पार्वतीकाकू हॉटेलांसाठी आर्टिचोक लावतात. मूळचं हे भूमध्य समुद्राकाठचं, थंड हवेत रमणारं काटेरी झुडूप. आपल्या उंटकटारीच्या गोतातलं. आपण खातो ती त्याची मिटलेली कळी. खवले एकेक सोलत आतल्या कोवळ्या गाभ्याशी पोचायचं. कळी उमलली की खायच्या कामाची राहत नाही.

बांधाकडच्या एका झाडावर मात्र वाटीएवढं जांभळं फूल फुललं होतं. मधमाश्या त्यात पार बुडाल्या होत्या. मी बघतच राहिले.

"काकू, हे खुडायचं राहिलं का?"

"राहतंय कशाला? पहिलं झाड देवाचं. त्याला आम्ही हात लावत नाही."

"आणि चव बघितलीत कधी?"

"न्हाई बाई," काकू हसल्या. "पण खाणाऱ्यांनी तरी हे फूल कुठं बघितलंय?"