ढिगाची लाल बाजू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझं सगळं कळतं, असं तिचं म्हणणं आहे.

वर्तकनगरच्या आमच्या लहानशा कचेरीत आम्ही उपग्रहाच्या रडारचित्रांवरून खाणींच्या टाकाऊ मातीदगडाचे ढीग तपासतो. ढीग जागेवर आहे की हलतोय, एवढंच सांगायचं. आंबिवलीपलीकडच्या एका दगडखाणीचा ढीग सुनंदाकडे होता. सुनंदा माझ्या हाताखाली काम करते. हे वाक्य फक्त पगारपत्रकात खरं आहे.

उपग्रह तिरका पाहतो. ढीग नुसता खाली बसला काय, बाहेर सरकला काय — चित्रात बरेचदा सारखंच दिसतं. मी तिथेच थांबलो असतो. सुनंदाने दुसऱ्या बाजूने घेतलेली चित्रंही जुळवली आणि म्हणाली, "सर, हा बसत नाहीये. सरकतोय." खाली कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या.

खाणमालकाकडे मी एकटा गेलो. त्याची खुर्ची सिंहासनाची धाकटी बहीण; मी मनातल्या मनात हसलो. मग त्याने विचारलं, "नवा ढीग बसणारच ना? मॅडमचंही तेच मत?"

आणि मी — कसं सांगू? — "हो, त्यांचंही तेच," म्हणालो. कुणी धमकावलं होतं का? नाही. चहासुद्धा चांगला होता.

सुनंदाला सांगितलं, "बोललोय मी." बोललो होतोच की!

खोल्या काही हलेनात, तेव्हा ती स्वतः गेली. तिथल्या बायकांमध्ये बसून मोबाइलवर ढिगाची लाल बाजू दाखवली — आमच्या चित्रात सरकणारा भाग लाल दिसतो. एकीने विचारलं, "बाई, एवढ्या वरनं ढीग दिसतो, मग आमचा कोरडा नळ नाय दिसत?" सुनंदा हसली, त्यांच्यात जेवली, पुन्हा पुन्हा जात राहिली. नळाचंही तिनेच मार्गी लावलं. शेवटी बिऱ्हाडं हलली. त्या पावसाळ्यात ढीग खाली आला — रिकाम्या पत्र्यांवर.

रिकाम्या. हा शब्द तिचा आहे. माझ्या भरवशावर त्या खोल्यांत कोण कोण झोपलेलं असतं?

माणसं वाचली म्हणून मालकाने आमच्या कचेरीचा सत्कार ठेवला. शाल मला मिळाली. मी खांदे पुढे केले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कचेरीत नवं कुणी आलं, की सुनंदा या ढिगाची चित्रं उघडून शिकवते, आणि शेवटी न चुकता सांगते, "सरांनी मालकाला आधीच स्पष्ट सांगून ठेवलेलं, म्हणून मला गेटवर कुणी अडवलं नाही."

मी शेजारच्याच टेबलावर असतो. कालही होतो.