गोमादादा पळाले ते कुठे

कर्जत स्टेशनबाहेर सहा आसनी रिक्षात बसलो आणि चालकाने विचारलं, "शिनेमातल्या सुळक्यावर का?" आमच्या मोहिमेवरचा चित्रपट आल्यापासून सगळे तिकडेच जातात म्हणे. "तो वाटाड्या पळून गेला ना, त्याची वाडी पन तितंच हाय," त्याने माहिती पुरवली. माझं डोकं तापलं. मी त्याच वाटाड्याला भेटायला निघालो होतो.

सहा वर्षांपूर्वी आम्ही चौघे मित्र त्या सुळक्यावर चढलो. आमचे वाटाडे गोमादादा, पायथ्याच्या ठाकरवाडीतले. "वरचा दगड भुसभुशीत हाय, आज नको," असं त्यांनी खिंडीत बजावलं होतं. आम्ही हसलो. उतरताना दोराचा खिळा निसटला आणि नितीन दोरासकट दरीत गेला. आम्ही तिघे वर अडकलो. गोमादादा खिंडीतून धावत सुटले.

चित्रपटवाले माझ्या घरी आले, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं होतं, "गोमादादा पळाले, ते नितीनकडे." पडद्यावर निम्मंच वाक्य पोचलं. तिथे वाटाड्या आमची पिशवी उचलून पळतो आणि नितीन एकटा, पाणी मागत मरतो. वर 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी. आणि आभारांच्या यादीत माझं नाव!

रिक्षा ओढ्यापाशी थांबली. पुढे तासभर चढ. भातकापणी उरकली होती, वाट कोरडी ठणठणीत. मुरमावरून घसरलो आणि तळहात सोलवटला. गोमादादांच्या बायकोने, हिराबाईंनी, आधी जखमेवर हळद दाबली, मग उकडलेले करांदे (रानातले कडसर कंद) पुढे ठेवले.

"पोरीनं मोबाइलवर दावला शिनेमा," त्या म्हणाल्या. "आता कोनी पाव्हना यांना डोंगरावर नेत नाय. तोंडावर पळपुट्या म्हनतात."

"मी त्या चित्रपटवाल्यांना सोडणार नाही. पेपरात लिहितो, कोर्टात जातो," मी तणतणलो.

गोमादादा शांतपणे करांदा सोलत होते. "तुमी ल्हिवा. लोकांना म्हनूं दे मला काय म्हनायचं ते. पन नितीनच्या आईनं पायला असंल ना शिनेमा? पोरगा येकटा नवता. डोकं माझ्या मांडीवर व्हतं. वंजळीनं पानी पाजलं त्याला. तिला कोनी सांगितलं का?"

नितीनची आई कर्जतलाच, भिसेगावात राहते. सहा वर्षांत मी त्या दाराशी फिरकलो नव्हतो. धीरच झाला नव्हता.

दुपारी उतरून थेट तिथे गेलो. काकूंनी लगेच ओळखलं.

"पाहिला मी तो सिनेमा," त्या म्हणाल्या. "दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा वाटलं, कोणीतरी येत असेल त्याच्याजवळ, आपल्याच नजरेतून सुटलं असेल."

मी गोमादादांचं सगळं सांगितलं. काकूंनी मध्येच थांबवून एवढंच विचारलं, "पाणी प्यायला?"

"प्यायला, काकू."

त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "मला त्यांच्याकडे ने."

काकूंना वाडीवर न्यायचं कबूल करून घरी परतलो, तरी संताप उतरलेला नाही. टाळ्यांसाठी त्या लोकांनी एका भल्या माणसाचं नाव धुळीला मिळवलं आणि एका आईला तिच्या मुलाचा खोटा मृत्यू दाखवला. त्याबद्दल मी भांडणारच आहे. पण मी वेळेवर ते दार वाजवलं असतं, तर त्या घरात तरी त्यांचं खोटं शिरलं नसतं.