ताकदीचं इंजेक्शन

वर्षाला न्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी सासरची गाडी येणार होती आणि तिची एक तपासणी राहिली होती. मी वडनेर भोलजीला तिच्या माहेरी जाऊन बसले होते. तिची आई, निर्मलाबाई, चहाचा आग्रह करत होती आणि तपासणीचं नाव काढू देत नव्हती.

मी तेव्हा जवळच्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होते. वर्षाचं पहिलं बाळंतपण आमच्याकडचं, रिवाजाप्रमाणे माहेरचं. सहाव्या महिन्यात तिची शुगर वाढलेली निघाली. बाळाला पोसणारी वार काही हार्मोन्स सोडते, ती शरीरातल्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. काही बायकांची साखर त्यामुळे चढते. वर्षाला इन्सुलिनची इंजेक्शनं द्यावी लागली. मुलगा झाला, वार पडली, साखर उतरली, इंजेक्शनं बंद झाली. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो.

इथेच घोळ होतो. अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता बरीच असते. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी उपाशीपोटी रक्त घ्यायचं, ग्लुकोजचं पाणी पाजायचं, दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं. पुढे दरवर्षी तपासत राहायचं. एवढंच काम. पण आमच्या भागात बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. वर्षाच्या नणंदेचं लग्न ठरलेलं, त्यामुळे सव्वा महिना संपताच बोलावणं आलं. तपासणीची वेळ आणि सासरची गाडी एकदमच दारात उभी.

मी म्हटलं, सकाळी ग्लुकोज घेऊन मीच घरी येते. निर्मलाबाईंनी मला माजघरात नेलं.

"मॅडम, तिच्या घरी हे माहीत नाही. आम्ही रक्त कमी हाय म्हणून सांगतलं. थे इंजेक्शन ताकदीचे होते म्हणून सांगतलं. शुगर म्हटलं तं म्हणतीन, बिमार पोरगी गळ्यात बांधली."

मी त्यांना बरंच समजावलं. हा कुणाचा दोष नाही, आजार लपवला तर पुढच्या खेपेला बाळाच्या जिवावर बेतू शकतं, हेही सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. वर्षा बाळाची झबली घडी करत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मायनं सांगतलं थेच राहू द्या मॅडम. मले तिथं राहाचं हाय."

गाडी आली, वर्षा तपासणी न करताच गेली. आईने दिलेल्या डब्यात डिंकाचे लाडू होते.

मासिक बैठकीत मी विषय काढला. तालुक्याचे आरोग्य अधिकारी साहेब म्हणाले, "आई-बाळ सुखरूप घरी गेले ना? मग केस क्लोज. ती आता आपल्या एरियातली नाही." मी तिच्या सासरकडच्या केंद्रात फोन लावला. तिथले डॉक्टर म्हणाले, डिलिव्हरी तुमच्याकडे झाली, मग ती आमची कशी? तरी त्यांनी आशाताईंना घरी पाठवलं. सासू शेजारीच बसली होती. वर्षाने सांगितलं, मला काही झालं नव्हतं. आशाताई परत आल्या. सरकारी खात्यात बाईला पोट असेपर्यंतच किंमत असते, हे मी तेव्हा पुरतं शिकले.

पुढे माझी बदली सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका रुग्णालयात झाली. तिथे रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते. एका दुपारी सातव्या महिन्यातली बाई आली, बाळाची हालचाल कळेना म्हणून. मला पाहून तिने मान खाली घातली. वर्षाच होती, तिचं सासर याच भागातलं.

सोनोग्राफीत बाळाचे ठोके नव्हते. रक्तातली साखर बेसुमार होती. गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी केली, तीही तशीच. तिच्या केंद्रात सुरुवातीला ग्लुकोजची पाकिटं संपलेली, आणि आधीच्या खेपेला काही त्रास होता का असं विचारल्यावर तिने नाही म्हटलेलं. पुढे कुणी पाहिलं नाही. वाढलेल्या साखरेने बाळ पोटातच दगावू शकतं. मुलगी होती.

वर्षाने त्या दिवशी स्वतःच मला म्हटलं, आता सासूबाईंना सांगून टाका. मी सांगितलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"तिची माय म्हणे, रक्त कमी हाय. म्हणून मी तिले रोज लाडू चारले, खारीक चारली, गूळ घालून दूध देल्लं. माह्या हातानं." मग थांबून म्हणाल्या, "मले सोताले शुगर हाय मॅडम. दर महिन्याले इथंच गोळ्या घ्याले येतो. सांगतलं असतं तं तिलेही संगं आणलं असतं."

संध्याकाळी निर्मलाबाई पोचल्या. मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, रक्त कमी होतं म्हणूनच सांगा." मला संताप आला. मग त्यांना विहीणबाईंच्या गोळ्यांचं सांगितलं. त्या तिथेच फरशीवर बसल्या.

आता माझ्याकडे गरोदर बाईची शुगर निघाली की मी पहिला प्रश्न विचारते, सासरी आणखी कुणाला शुगर आहे? बऱ्याचदा कुणीतरी निघतं. मग तिच्या परवानगीने त्या माणसालाच बोलावून घेते. इथल्या साहेबांना हे काम वाढवणं वाटतं.

वर्षाची साखर या वेळी उतरली नाही. ती दर महिन्याला सासूबरोबर येते. दोघी एकाच रांगेत उभ्या राहतात, दोघींना त्याच गोळ्या मिळतात. वर्षा या रांगेत यायला हवी होती ती गेलेली मुलगी पोटात राहण्याआधी.