शाळेचा दुसरा दरवाजा

सोलापुरात मी एका इंजिनिअरसाहेबांच्या हाताखाली नकाशे काढायचो. एके दिवशी चर्चचे फादर आमच्या कचेरीत आले. त्यांना चर्चशेजारी चार वर्गांची प्राथमिक शाळा बांधायची होती. साहेब गिरणीच्या गोदामाच्या कामात गुंतलेले, म्हणून काम माझ्याकडे आलं. संपूर्णपणे माझी अशी ती पहिलीच इमारत.

फादर परदेशी, पण मराठी स्वच्छ बोलत. म्हणाले, "दरवाजा एकच ठेवा, मोठा. सगळी मुलं त्यातूनच आत आली पाहिजेत."

त्यांच्या चर्चमध्ये एका बाजूला रेल्वेत नोकरी करणारी गोव्याकडची जुनी कुटुंबं होती, आणि दुसऱ्या बाजूला नुकतीच ख्रिस्ती झालेली, वस्तीतली महार-मांग माणसं. प्रार्थनेला ती मागे बसत. निदान शाळेत तरी तसं होऊ नये, असं फादरना वाटायचं.

मी उंच छप्पर काढलं, मंगलोरी कौलं, ऊन अडवायला पश्चिमेला ओसरी आणि मधोमध एकच रुंद कमान.

जोतं वर आलं तेव्हा रेल्वेतले चौघे जण फादरना भेटायला आले. मी तिथंच होतो. त्यातला एक अगदी नम्रपणे म्हणाला, "फादर, आमची मुलं त्या मुलांबरोबर एका दारानं जाणार नाहीत. आम्ही त्यांना पुण्याला ठेवू." फादरनी पुष्कळ समजावलं. ते चौघे मान हलवत ऐकत राहिले आणि उठून गेले.

आठवड्यानं फादरनी मला बोलावलं. नकाशावर मागच्या भिंतीशी बोट ठेवून म्हणाले, "इथं एक दरवाजा काढा. पाण्याची जागाही वेगळी." मग बोट उचलून घेत, "शाळा रिकामी राहण्यापेक्षा..."

मी तिथली खिडकी खोडून दरवाजा काढला. अर्ध्या तासाचं काम. आमच्या घरीसुद्धा त्या लोकांना पाणी वरूनच ओतत, त्यामुळे हात अडखळला नाही.

बांधकामावर चुन्याची घमेली वाहणारी एक बाई होती, नव्यानं ख्रिस्ती झालेली. तिच्याबरोबर कामावर येणारी तिची मुलगी याच शाळेत जाणार होती. मागची चौकट बसवताना तिनं मला विचारलं, "सायेब, ह्यो दरवाजा कशापायी?"

"वारा खेळावा म्हणून," मी म्हणालो.

ती चौकटीकडे बघत राहिली. "वाऱ्याला खिडकी पुरती की," म्हणाली आणि घमेलं उचलून निघून गेली.

शाळा उघडली त्या दिवशी मला बोलावणं होतं. मुलं दोन रांगांनी दोन दारांतून आत गेली. मागच्या दाराच्या रांगेत त्या बाईची मुलगी नव्हती. पुढं एकदा ती बाई बाजारात दिसली तेव्हा मी मुलीचं विचारलं.

"गिरणीत जाती, आत्यासंगं," ती म्हणाली. "तितं समदी एकाच दारानं आत जात्यात."

वर्षभरात फादरनी स्वतःहून बदली मागून घेतली. जाण्याआधी कचेरीत येऊन माझा हात हातात घेतला. "तुमचा पहिला नकाशा चांगला होता," म्हणाले. मी मान खाली घातली. ते स्टेशनाकडे निघाले, आणि मी पुन्हा टेबलाशी येऊन गिरणीच्या दुसऱ्या गोदामाच्या भिंती आखत बसलो.